टॉवर विकला की नवरा लहान

माझा नवरा बळीराम लग्नाच्या वेळी माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा होता. आता तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे. यात माझं कर्तृत्व काही नाही. मोबाईलचे टॉवर विकत घेणाऱ्या लोकांनी हे केलं, आणि त्या बिचाऱ्यांना ते माहीतही नाही.

दोन हजार सहा साली बळीराम टॉवरच्या कामाला लागला. हुडकेश्वरचा एक मोठा टॉवर आणि उमरेड रोडकडचे अकरा. वर चढायचं, दिवा गेला तर बदलायचा, तारा कसायच्या, अँटेना हलली असेल तर सरळ करायची. तेव्हा हुडकेश्वरच्या टॉवरभोवती तुरीचं वावर होतं. आता तीन-तीन मजली घरं आहेत, आणि फाटकाला लागून एक ब्यूटी पार्लर. कामावर ठेवणारी कंपनी नव्हती, कंपनीचा कंत्राटदार होता. आणि कंत्राटदाराचा सुपरवायझर म्हणजे श्रीधर. कंत्राटदार पुढे बदलत गेले, श्रीधर तोच राहिला. भरतीच्या फॉर्मवर त्याने विचारलं, "वय?"

"तेहतीस," बळीराम म्हणाला.

"तेहतीस नाई चालत गा. चढणारा माणूस तिशीच्या आतला पाहिजे म्हणे." आणि श्रीधरने अठ्ठावीस लिहिलं.

आम्ही दोघं हसलो होतो. मी तर त्या दिवशी शिरा केला होता.

चार वर्षांनी त्या फोनच्या कंपनीने आपले सगळे टॉवर देशभरातून एका दुसऱ्या कंपनीला विकून टाकले. हे पेपरात आलं होतं, पहिल्या पानावर, टाय लावलेली दोन माणसं हात मिळवताना. आमच्याकडे त्याचं एवढंच पोचलं की फाटकावरच्या पाटीवर नवा रंग लागला, साखळीत एक नवं कुलूप आलं, बळीरामला दोन नवे शर्ट मिळाले आणि श्रीधर नवा फॉर्म घेऊन आला. अट तीच, तिशीच्या आत. जुन्या कागदावर बळीराम बत्तीसचा झाला होता, म्हणून श्रीधरने त्याला एकोणतीसचा केला. सात वर्षांनी पुन्हा विक्री झाली, पुन्हा पाटी, पुन्हा शर्ट. या खेपेला अट पस्तिशीची होती. बळीराम चव्वेचाळीसचा होता, तो बत्तीसचा झाला. आधार कार्डावर सुद्धा. तेव्हा एका पत्रावर जन्मतारीख बदलून मिळायची, आणि पत्र आणण्यात श्रीधर हुशार.

आमची हर्षा नर्सिंगला जाताना सगळ्यांचे कागद घेऊन बसली होती. तिने वर पाहिलं आणि विचारलं, "बाबा, मी झाली तेव्हा तुम्ही सोळा वर्षांचे होते का हो?"

"हाव," बळीराम म्हणाला. "भल्ला चालू होतो मी."

तर असं. मी घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. शिवणाचं कोणी शिकवलं नाही, उसवून उसवून शिकले. त्यामुळे त्याच्या शर्टांचं खातं माझ्याकडे. प्रत्येक कंपनी नवे शर्ट द्यायला उशीर करते. आधी खिशावर लावायचा बिल्ला तेवढा पाठवते. मी जुना बिल्ला उसवायचा, नवा शिवायचा. निळ्या शर्टाच्या खिशावर तर सुईच्या भोकांच्या ओळीवर ओळी आहेत.

शर्ट धुणारीला माणसाचं बरंच कळतं. टॉवर चढणाऱ्याचा शर्ट कोपरांपाशी मळतो, पँट गुडघ्यांपाशी. टॉवरचा लाल-पांढरा रंग जुना झाला की त्याची पूड सुटते, ती तिथे लागते. एकोणीस वर्षं मी तेच डाग घासत आले. या दिवाळीनंतर एका सोमवारी शर्ट पाण्यात टाकायला घेतला तर डाग छातीवर. गळ्यापासून पोटापर्यंत लाल पट्टा, आणि कॉलरला एका बाजूने. मी तो शर्ट हातात घेऊन मोरीत बसून राहिले. गालापासून पोटापर्यंत लोखंडाला कोण चिकटतं? ज्याला सोडायची भीती वाटते, तो.

दुसरीही एक गोष्ट होती. आमच्या घरी एक रीत आहे. तो संध्याकाळी आला की हातपाय धुतो, मी चहा ठेवते आणि विचारते, "काय दिसलं आज?" आणि तो सांगतो. कोणाच्या गच्चीवर पापड वाळत होते, कोणत्या लेआउटमध्ये नाली फुटली, विमान किती खालून गेलं. हवा साफ असली की हुडकेश्वरच्या टॉवरवरून पार मौद्याच्या वीज कारखान्याच्या चिमण्या दिसतात. चिमण्यांच्या अलीकडे त्याचं गाव. गावात त्याची माय, रुखमाबाई. "आज माय दिसली," असं तो म्हणायचा. दिसणार काय, धूर. पण मी कधी खोडून काढलं नाही.

दिवाळीपासून उत्तर एकच. "काई नाई. धुकं होतं."

दुपारी चार वाजता कुठलं आलं धुकं.

त्या शर्टाच्या दिवशी मी विचारलं. "अजी, वर चक्कर आली का तुम्हाले?"

"कोण सांगतलं? धम्मदीप बोलला का?"

धम्मदीप म्हणजे त्याच्या जोडीचा. दोघं बारा वर्षांपासून एका दोरावर आहेत. "कोणी नाई बोललं. शर्ट बोलला."

तो चहा फुंकत राहिला. मग म्हणाला, "पाऊण तास होतो चिपकून. डोळे उघडले का सगळं हुडकेश्वर फिरे. मग उतरलो आपल्या हातानं. झालं ते झालं."

"एकदाच झालं?"

"तीनदा," तो म्हणाला आणि कप उचलून स्वतःच विसळायला गेला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, कप त्याने कधी विसळला नव्हता.

पोळ्याच्या सुमारास टॉवर पुन्हा विकले गेले होते. नवी कंपनी म्हणे मोठी, बाहेर देशातही हिचे टॉवर आहेत, नियमाची पक्की. डिसेंबर लागताच श्रीधर आमच्या दारात. मला वाटलं, आता फॉर्म. या खेपेला किती वर्षांचा करतो, पाहू.

"फॉर्म नाई वहिनी," श्रीधर स्टुलावर बसत म्हणाला. "जुन्या कंपनीनं सगळा रेकॉर्ड कंप्यूटरवर देऊन टाकला. टॉवर, बॅटऱ्या, माणसं, सगळं एका यादीत. फक्त एक नवा नियम आहे. पंचेचाळीसच्या वरचे जे असतील त्याहिले वर चढवायचं नाई. त्याहिले खालचं काम. बॅटरी, जनरेटर, फाटक. पगार तोच."

माझ्या हातातली कात्री थांबली. मी मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या कंपनीला ओवाळलं.

"आणि पंचेचाळीसच्या आतले?" बळीरामने विचारलं. त्याला माझ्या आधी समजलं होतं.

"ते सगळे चढून दाखवतीन. येत्या गुरुवारी, हुडकेश्वरच्याच टॉवरवर. मॅडम येऊन राहिली पाहाले. जो नाई चढला, त्याची सुट्टी. तुम्ही चाळीसचे आहा भाऊ."

"मी बावन्नचा आहो."

"मले माहीत आहे ना! पण यादीत चाळीस आहे."

"मग यादी सुधरव," मी म्हटलं.

श्रीधर माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागला जसं मी त्याला भर बाजारात धोतर सोडायला सांगितलं. "वहिनी, कागद खोटा होता असं सांगितलं का पहिले मी जातो, मग भाऊ जाते. तीन-तीन वेळा खोटा. गुरुवारी एकदा चढून घ्या. जवान माणूस आहे, काय होते."

हे शेवटचं तो विनोदाने म्हणाला. कोणी हसलं नाही, म्हणून तो उठला.

चार दिवस मी विचार केला, म्हणजे ब्लाऊज शिवले. एकाच्या बाह्या उलट्या लागल्या. बुधवारी बळीराम कामावर गेल्यावर मी बस धरली आणि मौद्याला उतरले, तिथून ऑटोने गाव. गावची जिल्हा परिषदेची शाळा अजून तिथेच आहे, फक्त कौलांच्या जागी पत्रे आले. मुख्याध्यापिका बाई भली होती. कोण कधी शाळेत आलं, कधी सोडून गेलं, त्याची जाडजूड वही असते, ती तिने कपाटाच्या वरून काढली, फडक्याने पुसली. बळीराम सापडला. जन्मतारीख एक जुलै एकोणीसशे त्र्याहत्तर.

मला हायसं वाटलं. मग मी वरचं नाव पाहिलं. एक जुलै. खालचं नाव, एक जुलै. त्या वर्षीची अकराच्या अकरा पोरं एक जुलैला जन्मलेली.

"तेव्हाचे गुरुजी असंच लिहायचे," बाई म्हणाली. "आईबापाला तारीख माहीत नसायची. वर्ष तेवढं धरायचं."

तिने दाखल्याची नक्कल लिहून दिली, शिक्का मारला. सही-शिक्क्याचा कागद हातात आला की माणसाला बळ येतं, तेवढं मला आलं. तिथून सासूकडे गेले. रुखमाबाई ओसरीवर लाखोळीची भाजी निवडत बसली होती. ऐंशी कधीच उलटली, पण डोळे असे की भाजीतली अळी तिला माझ्या आधी दिसते.

"आज कशी आली वं? बळ्या बरा आहे ना?"

"बरा आहे. त्याचं वय काढाले आली होती शाळेतून."

"काहून? लगन लावते का त्याचं दुसरं?"

मी दाखला वाचून दाखवला. त्र्याहत्तर ऐकून ती मान हलवायला लागली. "खोटं आहे. तो त्याच्या आधीचा. वर्षाचा फरक आहे, दीड म्हण. गुरुजीकडे नेला तर गुरुजी म्हणे, उजवा हात डोक्यावरून घे आन् डावा कान धर. कान धरता आला त शाळेत घ्यायचं. याचा हात पुरेच ना. बुटका होता. गुरुजी म्हणे, अजून लहान आहे, पुढच्या साली आण. पुढच्या साली पुरला. तेव्हा सहाचा लिहिला गुरुजीनं. होता सातच्या वर."

म्हणजे हे टॉवरवाल्यांच्याही आधीपासून चालू होतं. सरकारी शाळेनेच पहिला हात मारला होता. मला हसू आलं, आणि मग थकवा आला, असा की ओसरीवरच आडवं व्हावं. ज्या माणसासोबत मी सत्तावीस वर्षं संसार केला त्याचं वय चाळीस, बावन्न आणि चोपन्नच्या मध्ये कुठेतरी होतं, आणि उद्या सकाळी त्याला चढायचं होतं.

सासूने भाजीची जुडी बांधून दिली. निघताना म्हणाली, "त्याले सांग, उंचावर जाऊ नको आता. बाप त्याचा आंब्यावरून पडला होता."

"त्याला तिथून तुम्ही दिसता," मी म्हटलं.

"मी काय दिसन वं," ती म्हणाली. "मी त इथं बसली आहो."

गुरुवारी सकाळी मी दाखला चहाच्या कपापाशी ठेवला. बळीरामने तो वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली.

"काल गेली होती? मले न सांगता?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं का?"

"तुले मले घरी बसवाचं आहे."

"खाली बसवाचं आहे. घरी नाई."

"गोपे, हा कागद दाखवला का श्रीधर जाते. त्याची दोन लेकरं आहेत. अन् एकोणीस वर्षं मी खोटं वय खाल्लं, ते कोण्या तोंडानं सांगू? चढून जातो मी. चाळीस मीटर आहे, एव्हरेस नाई."

"आणि पुढच्या महिन्यात? त्याच्या पुढच्या?"

"पुढचं पुढं."

त्याने दाखला माझ्याकडे सरकवला. मी तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी पर्समध्ये, आणि त्याचा डबा मुद्दाम ओट्यावर विसरू दिला. डबा पोचवायला बायको गेली तर कोणी काही म्हणत नाही.

मी पोचले तेव्हा फाटकाशी आठ-दहा जण होते. फाटकाच्या साखळीत चार कुलपं एकात एक अडकवलेली असतात. चारातलं कोणतंही एक उघडलं तरी साखळी सुटते. प्रत्येक मालकाने आपलं लावलं, आधीच्याचं काढायची हिंमत कोणी केली नाही, न जाणो कोणाची किल्ली कोणाकडे असेल. पाटीवर नव्या कंपनीचं नाव होतं, पण उन्हाने रंग तडकून खालून आधीच्या कंपनीची अर्धी अक्षरं दिसत होती.

मॅडमचं नाव वैभवी. हर्षापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. डोक्यावर हेल्मेट, हातात शाळेच्या पाटीएवढा मोठा फोन. मला पाहून म्हणाली, "काकू, फाटकाच्या आत नका येऊ, वरून काही पडलं तर."

"मी डबा घेऊन आली," मी म्हटलं.

आधी धम्मदीप चढला. खारीसारखा गेला आणि खारीसारखा आला, खाली येऊन घाम पुसता पुसता माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. त्याला सगळं माहीत होतं. मग बळीराम. मॅडमने हाताला पट्टा बांधून रक्तदाब मोजला, भुवया थोड्या वर गेल्या, पुन्हा मोजला.

"वय चाळीस ना?" तिने यादीत पाहून विचारलं.

"यादीत आहे ते," बळीराम म्हणाला.

त्याने पट्टे कसले, दोन्ही आकडे तपासले आणि शिडीला हात घातला. त्याचं चढणं मी पूर्वी खूप पाहिलं आहे. पहिल्या वर्षी मी मुद्दाम यायची, हर्षाचा हात धरून, दाखवायची, ते बघ बाबा. तेव्हा तो मोजूनमापून चढायचा, एक आकडा काढ, वर लाव, दुसरा काढ, वर लाव, जशी बाई विणकाम करते. आजही सुरुवात तशीच झाली. दहा पायऱ्या. वीस. पार्लरच्या पाटीइतका वर गेला, मग पार्लरच्या गच्चीच्या वर. टॉवरच्या अर्ध्यावर एक लहान कठडा आहे, त्याच्या सात-आठ पायऱ्या अलीकडे तो थांबला.

"आकडा अडकला वाटते," श्रीधर मोठ्याने म्हणाला. कोणालाच उद्देशून नाही.

आकडा अडकला नव्हता. खालून मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण शर्ट दिसत होता. शर्ट लोखंडाला चिकटलेला होता. दोन्ही हात पायरीच्या मागून गुंफलेले आणि गाल बाजूने टेकलेला, जसं लेकरू बापाच्या पायाला धरतं. मला माहीत होतं की आता त्याच्या डोळ्यांपुढे सगळं हुडकेश्वर फिरत आहे, मी, पार्लर, डबा, सगळं.

"बळीराम!" मॅडमने हाक मारली. "ठीक आहात का?"

शर्ट लोखंडाला आणखी चिकटला.

मी फाटकाच्या आत गेले. पर्स उघडली. पिशवीची गाठ सुटेना, मी ती दाताने फाडली. "मॅडम, हे वाचा. तो चाळीसचा नाही. बावन्नचा आहे. शाळेचा दाखला आहे. खरं तर चोपन्नचा आहे, पण त्याचा कागद नाही."

श्रीधरने डोळे मिटले. धम्मदीप न विचारता आकडे लावून वर निघाला होता. मॅडम दाखला वाचत राहिली, मग वर पाहिलं, मग तोंडाशी हात धरून ओरडली, "दादा, उतरा. घाई नाही. पाहिजे तेवढा वेळ घ्या."

अर्धा तास लागला. धम्मदीप त्याच्या खालच्या पायरीवर थांबून एकेक पाय हाताने धरून पायरीवर ठेवत होता आणि काहीबाही बोलत होता. नंतर कळलं की तो त्याला मायच्या हातच्या लाखोळीच्या भाजीबद्दल विचारत होता, कशी करते, लसूण किती घालते. बळीराम खाली आला तेव्हा छातीवर लाल पट्टा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पार्लरच्या भिंतीशी जाऊन उकिडवा बसला. मी पाणी नेलं. त्याने प्यायलं.

मॅडमने आम्हा तिघांना जनरेटरच्या शेडमागे बोलावलं.

"हा दाखला खरा आहे, मला दिसतं," ती म्हणाली. "पण मी हा वर पाठवला तर विचारतील की यादीत चाळीस कोणी लिहिलं. आम्ही टॉवर यादीसकट घेतलेत. यादीतली एक ओळ खोटी निघाली की त्या कंत्राटदाराची सगळी माणसं तपासतील."

श्रीधर जमिनीकडे पाहत होता. मला त्याचा राग यायला पाहिजे होता. पण त्याची मान बघून मला आठवलं की पहिल्या वेळी मीच शिरा केला होता.

"मग काय करायचं बेटा?" मी विचारलं. मॅडम म्हणायचं राहून गेलं.

ती मुलगी बराच वेळ फोनवर बोट फिरवत राहिली. "इथे एक रकाना आहे," शेवटी म्हणाली. "प्रकृतीमुळे चढण्यास अयोग्य. वय कितीही असो. रक्तदाब जास्त आहे, चक्कर मी डोळ्यांनी पाहिली. हे खरं आहे, हे मी लिहू शकते. सहा महिने खालचं काम, नंतर पुन्हा तपासणी. वय मी पाहिलं नाही." आणि दाखला घडी करून माझ्या हातात परत दिला.

अशा रीतीने बळीराम चाळीसचाच राहिला. फक्त आजारी चाळीसचा.

घरी येताना तो स्कूटर चालवत होता, मी मागे. म्हाळगीनगरच्या चौकात सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "चाळिशीत नवरा निकामी झाला, असं लिहून घेतलं तू."

"हो. लोक मलाच नावं ठेवतील," मी म्हटलं.

त्याचे खांदे थोडे हलले. हसला की काय, मागून कळलं नाही.

पहिला महिना जड गेला. माझ्याशी नीट बोलेना. संध्याकाळी मी विचारायची, काय दिसलं आज, तर म्हणायचा, "फाटक." दुसऱ्या दिवशी, "फाटक." मी विचारणं सोडलं नाही. संक्रांतीच्या सुमारास एक दिवस म्हणाला, "चारही कुलपांले तेल दिलं. मधलं एक त उघडतच नोहोतं, आठ वर्षांपासून." मग एकदा सांगितलं की फाटकासमोर जी बाई केळी विकते, तिचं नाव गुंफाबाई, ती तुरीचं वावर होतं तेव्हापासून तिथे बसते. "मले वरून तिची छत्री दिसे," तो म्हणाला. "बाई आज दिसली."

माय मात्र दिसत नाही म्हणून आता आम्ही महिन्यातून एकदा बसने जातो. रुखमाबाई म्हणते, आधी बरं होतं, वरून पाहून घे, भाजी तरी वाचे.

सहा महिन्यांची तपासणी काही झाली नाही. उन्हाळा संपता संपता श्रीधर पुन्हा स्टुलावर येऊन बसला. त्याच्या हातात कागद होते.

"एवढ्यात?" मी म्हटलं. "वर्ष तर होऊ द्यायचं होतं."

"एकत्र होऊन राहिल्या म्हणे दोन कंपन्या. नवं नाव, नवा कंत्राटदार. यावेळी जुनी यादी नाई घेत, फॉर्म पहिल्यापासून भराचे." त्याने पेनाचं टोपण काढलं. बराच थकलेला दिसत होता. तोही पन्नाशीकडे झुकला, आणि त्याचं वय कमी लिहायला कोणी नव्हतं. "सांगा भाऊ. वय काय लिहू?"

बळीराम दारात खुर्चीवर बसला होता. त्याने उजवा हात उचलला, डोक्यावरून घेतला आणि डाव्या कानाकडे नेऊ लागला. एकोणीस वर्षं लोखंडाला लटकलेला खांदा, हात टाळूच्या मधोमध येऊन थांबला. त्याने दात आवळले, मान वाकडी केली, पण बोटं कानापासून चार अंगुळं लांबच.

"नाई पुरत," तो म्हणाला. "अजून लहान आहो. पुढच्या साली आण म्हणावं."

श्रीधरला काही कळलं नाही. मी आत गेले, कपाटातून दातांनी फाटलेली पिशवी काढली आणि दाखला त्याच्या पुढ्यात ठेवला.

"वहिनी," श्रीधर हळू आवाजात म्हणाला, "हे नवे लोक बावन्नवाल्याले ठेवतीन का काढतीन, मले खरंच माहीत नाई. सांगून ठेवतो."

मी बळीरामकडे पाहिलं. त्याचा हात अजून डोक्यावरच होता, तो खाली घ्यायला विसरला होता.

"दे इकडं," तो म्हणाला, आणि श्रीधरच्या हातचं पेन घेऊन त्याने स्वतः लिहिलं. अक्षर वाकडं आलं, खांदा दुखत होता. एक जुलै एकोणीसशे त्र्याहत्तर. मग जरा थांबून, माझ्याकडे बघत, रकान्याच्या बाहेर बारीक अक्षरात लिहिलं, याच्या आधी, वर्ष-दीड वर्ष.

"असं नाई चालत भाऊ," श्रीधर म्हणाला.

"नाई चालत त नको चालू," बळीराम म्हणाला.

मी चहा ठेवायला गेले. नवा बिल्ला येईल की नाही कोण जाणे. निळ्या शर्टाचा खिसा तसाही आता एकही टाका धरणार नाही.